सोने वजनाने वाटता येते, बोरमाळ नाही

वाचकाचा प्रश्न

साताऱ्यातील एका ७२ वर्षांच्या वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांचे चार वर्षांपूर्वी निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. थोरला मुलगा आणि सून साताऱ्यातच राहतात, मुलगी नाशिकला असते आणि धाकटा मुलगा सहकुटुंब टोरांटोला आहे. भगिनींनी वकिलांकडून मृत्युपत्राचा मसुदा करून घेतला असून त्यात त्यांच्या नावावरील सदनिका आणि ठेवी तिन्ही मुलांत समान वाटल्या आहेत. दागिने आणि घरातल्या वस्तूंसाठी मात्र ‘सर्व दागिने व चीजवस्तू तिन्ही अपत्यांनी समसमान घ्याव्यात’ एवढे एकच वाक्य आहे, आणि त्याच वाक्याने त्यांना अस्वस्थ केले आहे.

वस्तू अशा आहेत: सासूबाईंनी लग्नात घातलेली बोरमाळ, १९९८ मध्ये सासूबाई गेल्यावर त्यांच्या कपाटातून मिळालेल्या चार पाटल्या, भगिनींच्या आईची ठुशी, एक मोत्यांची नथ, गेल्या काही वर्षांत घेतलेल्या साखळ्या, बांगड्या आणि वळी, गौरीचे पितळी मुखवटे, जे शंभराहून अधिक वर्षांचे असल्याचे घरात सांगितले जाते, यजमानांच्या रोजनिशा आणि हार्मोनियम, आजेसासऱ्यांच्या हातची एक पोथी, शिवाय बंब, घंगाळ, डबे अशी पितळेची भांडी. गौरी बसवण्याचे सारे काम गेली कित्येक वर्षे थोरली सून करते. मुलीने ‘मला बाबांच्या रोजनिशा सोडून काही नको’ असे सांगितले आहे. कोल्हापूरची नणंद गौरीला आली की ‘आईच्या पाटल्या’ असा उल्लेख करते आणि मग विषय बदलते. भांडण नको म्हणून सगळे सोने मोडून तिघांना सारख्या वजनाची वळी करून द्यावीत, असे भगिनींनी जवळजवळ ठरवले आहे. ‘हे योग्य होईल का, आणि मृत्युपत्रात काय लिहिले आहे ते मुलांना आताच सांगावे का?’ असे त्या विचारतात.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मसुद्यातले ते वाक्य बेकायदेशीर नाही आणि वकिलांनी ते चुकून घातलेलेही नाही. बहुतेक मृत्युपत्रांत ते तसेच असते. ठेवींच्या बाबतीत ‘समसमान’ या शब्दाचा अर्थ बँकेतला कारकूनही लावू शकतो. एका बोरमाळेच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ तिघांनाच लावावा लागेल, आणि तोही तुमचे तेरावे उरकल्यानंतर, एक जण परतीचे विमान गाठण्याच्या घाईत असताना. तुम्हाला जो प्रसंग टाळायचा आहे तो त्या वाक्याने टळत नाही. तो तुमच्या हयातीतून उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला जातो. तुमची अस्वस्थता म्हणूनच मला रास्त वाटते. सोने मोडण्याचा उपाय मात्र मला पटत नाही, आणि तो केवळ भावनेपोटी पटत नाही असेही नाही.

आधी व्यवहाराचे बोलू. जुन्या पद्धतीच्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. वर सोन्याचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे हाताला लागणारे वजन आणि आटवल्यावर हाती येणारे सोने यांत मोठा फरक पडतो. ठुशीतही दोरा, गोंडा आणि काही वेळा लाख असते. नथीची किंमत मोत्यांत आणि कामात असते. ती मोडली तर तारेपुरते सोने हाती लागेल आणि मोती पुडीत पडून राहतील. त्यावर सराफ घट धरणार, आणि पुढे त्या वळ्यांचे कोणी दागिने करायला गेले की घडणावळ आणि कर पुन्हा भरावा लागणार. म्हणजे समान वाटणीच्या नावाखाली तिघांच्याही वाट्याला आहे त्यापेक्षा कमी येईल, आणि जिला ती माळ गळ्यात घालायची होती तिला ती कधीच मिळणार नाही.

माझ्या मते तुमच्या सोन्याचे दोन गट पाडले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या साखळ्या, बांगड्या आणि वळी यांच्याशी कोणाची आठवण जोडलेली नाही. ती सरळ वजनाने वाटा, हवी तर मोडूनही वाटा. बोरमाळ, पाटल्या, ठुशी आणि नथ या चार गोष्टी मात्र त्या हिशेबातून बाहेर काढा. त्या ज्याच्याकडे जातील त्याला बाजारभावाने थोडे जास्त मिळाले असे वाटत असेल, तर सराफाकडून लेखी मूल्यांकन घेऊन तेवढी भरपाई दुसऱ्याला ठेवीतून किंवा साध्या सोन्यातून करता येते. रोजनिशांना भाव नाही म्हणून मुलीचा वाटा रिकामा समजू नका, आणि तिने ‘काही नको’ म्हटले म्हणून तिचा सोन्यातला वाटा कमीही करू नका. ‘काही नको’ हे वाक्य आपल्याकडच्या मुली फार सहज बोलतात, आणि ते तितक्याच सहज खरे मानले जाते.

आता एक प्रश्न, जो तुमच्या पत्रात नाही पण त्यातील तपशिलांवरून उभा राहतो. या सगळ्या वस्तू तुमच्याच आहेत, असे गृहीत धरून तुम्ही लिहिले आहे. मृत्युपत्राने माणूस स्वतःच्या मालकीचे तेवढेच देऊ शकतो, म्हणून प्रत्येक वस्तू तुमच्याकडे कशी आली हे एकदा तपासायला हवे. सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी लग्नात घातलेली बोरमाळ निःसंशय तुमची आहे. जंगम वस्तूची भेट देऊ-घेऊ केली आणि प्रत्यक्ष ताब्यात दिली की ती पूर्ण होते, त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागत नाही. आईची ठुशी आईने हयातीत दिली असेल तर तिचेही तसेच. पाटल्यांचे मात्र वेगळे आहे. त्या सासूबाई गेल्यावर कपाटातून तुमच्याकडे आल्या. सासूबाईंनी मृत्युपत्र केले नसेल आणि त्यांचे पती आधीच गेलेले असतील, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील कलम १५ नुसार त्यांची मालमत्ता मुलगे आणि मुली यांच्याकडे समान हिश्श्याने जाते. सुनेचा त्यात थेट हिस्सा नसतो. तुमचे यजमान आणि नणंद ही दोनच भावंडे असतील, तर त्या पाटल्यांत निम्मा हक्क नणंदेचा होता. यजमानांचा उरलेला निम्मा त्यांच्या पश्चात तुम्ही आणि तीन मुले अशा चौघांत समान गेला. काटेकोर हिशेब केला तर चार पाटल्यांतला तुमचा स्वतःचा हिस्सा एक अष्टमांश भरतो.

हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. इतक्या वर्षांनी यावरून कोणी न्यायालयात जाईल असे मला वाटत नाही, आणि गेले तरी मुदतीचे प्रश्न वेगळे उभे राहतील. पण नणंद दर गौरीला तो उल्लेख का करते आणि लगेच विषय का बदलते, हे या हिशेबावरून कदाचित लक्षात येईल. तिला सोने मागायचे नसेल. आईची काहीतरी खूण आपल्याकडे नाही, एवढेच सांगायचे असेल. चार पाटल्या म्हणजे दोन जोड होतात. मुलांशी बोलून त्यातला एक जोड नणंदेला तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात, तर उरलेला जोड तुमच्या घरात निर्वेध राहील. मृत्युपत्रातून तो तिला देण्यापेक्षा आत्ताच द्या, कारण तिचेही वय वाढते आहे.

यजमानांच्या रोजनिशा आणि हार्मोनियम यांनाही हाच नियम लागू होतो. ते मृत्युपत्राविना गेले, त्यामुळे त्यांच्या वस्तूंवर पत्नी आणि तिन्ही मुले यांचा समान हक्क आहे. तुम्ही एकट्याने त्या रोजनिशा मुलीच्या नावे लिहून ठेवणे कायद्याच्या दृष्टीने अपुरे आहे, पण उपाय सोपा आहे. दोन्ही मुलांना विचारा, त्यांची हरकत नसल्याचे एका कागदावर घ्या आणि रोजनिशा मुलीला देऊन टाका. देण्याआधी मात्र त्या पानन्‌पान स्कॅन करून तिघांकडे प्रती ठेवा. आज ‘मला काय करायच्या’ म्हणणारा मुलगा साठीला आला की वडिलांचे अक्षर शोधू लागतो, हे मी अनेक पत्रांत वाचले आहे. शिवाय रोजनिशीत घरातल्या कोणाविषयी कटू लिहिलेले असू शकते, म्हणून देण्यापूर्वी तुम्ही स्वतः त्या चाळल्या तर बरे. तसे काही सापडले तरी पाने फाडू नका. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला ते कसे सांगायचे, याचा विचार मुलीबरोबर करा. पुढे कधी त्या छापायचे ठरले, तर चौघांची संमती घ्यावी एवढे तिला सांगून ठेवा.

इथवर आलो की तुमच्या पत्राच्या मुळाशी असलेले गृहीतक उघड होते. मुलांना विचारले तर भांडण होईल आणि न विचारता वाटले तर होणार नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. मला याच्या उलट भीती वाटते. कोणी काहीच बोलले नाही, तर प्रत्येक जण आपापल्या मनाशी एक वाटणी करून ठेवतो. थोरली सून मुखवटे आपले समजते, नणंद पाटल्यांची वाट पाहते, आणि टोरांटोतला मुलगा लहानपणी ज्या हार्मोनियमवर बोटे फिरवत होता ते आपल्याला मिळणार असे न सांगता धरून बसलेला असू शकतो. या मनातल्या वाटण्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या जुळत नसल्याचे कळते तेव्हा दुरुस्ती करायला आई उरलेली नसते.

तेव्हा विचारा, पण सगळ्यांना एका खोलीत बसवून विचारू नका. तिथे मोठ्या आवाजाचे ऐकले जाते आणि संकोची माणसाचे राहून जाते. प्रत्येकाला वेगवेगळे सांगा की, घरातल्या कोणत्या चार-पाच वस्तू हव्यात आणि त्या का हव्यात, ते एका कागदावर लिहून दे. आणि कोणत्या अजिबात नकोत, तेही लिहून दे. दोन्ही सुनांनाही हाच कागद द्या. टोरांटोच्या मंडळींना व्हिडिओ कॉलवर कपाट आणि माळा दाखवा, कारण घरात नेमके काय काय आहे हे दूर राहणाऱ्यांना आठवत नाही. या कागदांवर जे येते त्यात टक्कर फार थोड्या वस्तूंवर होते. जिथे दोघांना एकच वस्तू हवी असते, तिथे कारणे वाचून तुम्ही निर्णय द्या. आणि कारणे तुल्यबळ असतील तर चिठ्ठ्या टाका. पूर्वी शेताच्या वाटण्यांत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, अशी रीत होती. उरलेल्या वस्तूंसाठी तिचेच एक रूप वापरता येईल: पहिल्या फेरीत चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने एकेक वस्तू निवडायची आणि दुसऱ्या फेरीत तोच क्रम उलटा करायचा, म्हणजे शेवटी राहिलेल्याला लगेच पुन्हा निवड मिळते.

मुखवट्यांचा विषय मात्र चिठ्ठीवर सोडण्याचा नाही. गौरी म्हणजे आवाहन, पूजन आणि विसर्जन असे तीन दिवसांचे काम, त्याच्या आधीची घासपूस आणि पुरणाचा स्वयंपाक. मुखवटे ज्याच्याकडे जातील त्याच्याकडे हे सगळे जाते. तुमच्या मुलीच्या सासरी खड्यांच्या गौरी असतील, तर हे मुखवटे तिच्या घरी नुसते शोभेला राहतील. टोरांटोला ते न्यायचे म्हटले तर कायदाच आड येतो: १९७२ च्या पुरावशेष व कलाकृती कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषांत मोडू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मुखवटे खरोखर किती जुने आहेत याबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांना दाखवून ते पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मागता येते. पण ते हाती नसताना सामानात घालून पाठवण्याचा धोका पत्करू नका.

म्हणजे मुखवटे थोरल्या सुनेकडे जावेत हे जवळजवळ ठरल्यासारखे दिसते. तरीही तिला विचारा. तुम्ही पत्रात ‘सगळे तीच करते’ असे लिहिले आहे. ती ते आवडीने करते की थोरली म्हणून तिच्या गळ्यात पडले आहे, हे त्यातून कळत नाही. तिला मनापासून हवे असतील तर मृत्युपत्रात ‘थोरल्या मुलाला’ असे न लिहिता तिचे नाव लिहा. वर्षानुवर्षे राबलेल्या बाईचे नाव कागदावर यावे, असे मला ठामपणे वाटते. तिला ओझे वाटत असेल, तर आळीपाळीने गौरी करण्याचा पर्याय आहे. कुळाच्या देवतांच्या मूर्ती तोडून वाटायच्या नसतात, भाऊबंदांनी पूजेच्या पाळ्या ठरवून घ्यायच्या असतात, हे हिंदू कायद्यातही पूर्वापार मानले गेले आहे. मुलगी आणि नणंद यांना गौरीच्या जेवणाला कायम बोलावले जावे, अशी इच्छा तुम्ही यादीत लिहू शकता. कायद्याने ती बंधनकारक ठरणार नाही, पण घरात तिचे वजन राहील.

ठुशीबद्दल तुम्ही लिहिता की ती मुलीला द्यावीशी वाटते, पण ‘मुलीला दिले की घराण्याबाहेर जाते’. इथे थोडे थांबावे असे सुचवतो. ठुशी तुमच्या आईची. म्हणजे ती आधीच एकदा एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात, आईकडून मुलीकडे आलेली आहे. ती पुढे मुलीकडे गेली तर तिच्या आजवरच्या वाटेनेच जाईल. आणि कायद्याचे म्हणाल तर तुमच्या मुलीचा वारसाहक्क मुलग्यांइतकाच आहे. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात, तरी तुमची मालमत्ता तिघांत समानच जाईल.

सुनांना काही देताना एक स्पष्टता ठेवा. ‘सणाला घालायला दिले’ आणि ‘देऊन टाकले’ यांतला फरक आपल्या घरांत कधी शब्दांत सांगितला जात नाही, आणि पुढे संसारात काही बिनसले की नेमका तोच प्रश्न उभा राहतो. लग्नात किंवा नंतर सुनेला भेट म्हणून दिलेला दागिना तिचे स्त्रीधन ठरतो आणि त्यावर तिचाच पूर्ण हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणून द्यायचे असेल तर मोकळ्या मनाने द्या आणि परत येण्याची अपेक्षा ठेवू नका; वापरायला द्यायचे असेल तर तसे दोघींच्या समक्ष बोलून घ्या. नथ नातीसाठी ठेवायची तुमची इच्छा असल्याचे पत्राच्या एका कोपऱ्यात दिसते. तीही पूर्ण करता येईल. ती सज्ञान होईपर्यंत नथ कोणाकडे राहील, तेवढे मात्र मृत्युपत्रात लिहा.

आता यादीच्या कायदेशीर बाजूकडे येऊ. अनेक घरांत मृत्युपत्र एकीकडे आणि दागिन्यांची चिठ्ठी डब्यात दुसरीकडे असते. साक्षीदारांच्या सह्या नसलेल्या अशा सुट्या चिठ्ठीला एरवी मृत्युपत्राचे बळ नसते. भारतीय वारसा कायदा, १९२५ मधील कलम ६४ त्यावर चांगली वाट देते: रीतसर साक्षांकित मृत्युपत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख असेल आणि तो कागद त्या वेळी आधीच लिहून झालेला असेल, तर तो मृत्युपत्राचाच भाग मानला जातो. म्हणून आधी यादी पूर्ण करा, तिच्यावर तारीख आणि सही घाला, आणि मग मृत्युपत्रात ‘अमुक तारखेची, माझ्या सहीची यादी’ असा उल्लेख करून घ्या. त्याहून सुरक्षित म्हणजे यादी परिशिष्ट म्हणून मृत्युपत्रालाच जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावरही सह्या घ्या. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना दोघांनीही पाहिलेले असावे आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. कायदा याला दर वेळी मनाई करतो असे नाही, पण संशयाला जागा का ठेवायची? नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरीही तुमच्या वयाचा विचार करता दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करून घेतलेली बरी.

यादीत वस्तूचे वर्णन असे हवे की अनोळखी माणसालाही ती ओळखता यावी. ‘माझी मोठी माळ’ हे वर्णन तुमच्या घरातही दोन माळांना लागू पडेल. ‘सासूबाईंनी १९७५ मध्ये लग्नात घातलेली, मधला मणी चेपलेली बोरमाळ’ असे लिहा, शेजारी छायाचित्र चिकटवा आणि ती कोणाला व का देत आहात ते दोन ओळींत लिहा. ही दोन ओळींची कारणे मला फार महत्त्वाची वाटतात. ज्याला ती वस्तू मिळाली नाही, त्याला पुढे त्याच ओळी वाचायच्या असतात. यादीत नसलेल्या किरकोळ वस्तूंचे काय करायचे, आणि मतभेद झाला तर अंतिम शब्द कोणाचा, हेही लिहा. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून तिघांपैकी एकाला नेमण्यापेक्षा दोन्ही बाजूंना मान्य असलेला एखादा भाचा किंवा विश्वासातला स्नेही नेमणे तुमच्या घरात सोयीचे ठरेल.

आणि यादी झाल्यावर दागिन्यांना हात लावताना सांभाळा. त्याच कायद्यातील कलम १५२ म्हणते की, नेमकी नाव घेऊन दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी तुमच्या मालकीची नसेल किंवा तिचे रूप बदललेले असेल, तर ते देणे रद्द होते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: सोन्याची साखळी कोणाच्या नावे ठेवली आणि नंतर तिचा पेला करून घेतला, तर ज्याच्या नावे साखळी होती त्याला पेला मिळत नाही. ठुशी मोडून नव्या घडणीची करायची असेल, तर जरूर करा, पण मग पुरवणी मृत्युपत्रही करा. मूळ कागदावर पेनाने खाडाखोड करून चालणार नाही. त्या दुरुस्तीलाही तुमची आणि साक्षीदारांची सही लागते.

काय आत्ता द्यावे आणि काय मागे ठेवावे, याबाबत माझे मत असे आहे की, ज्या वस्तूंना बाजारात किंमत नाही त्या आत्ताच द्याव्यात आणि किंमतीच्या वस्तूंतली एखाददुसरीच द्यावी. एकदा हाती दिलेली भेट मनात आले म्हणून परत घेता येत नाही. तुम्ही पत्रभर स्वतःला या दागिन्यांची राखणदार समजून लिहिले आहे. उद्या तुमच्या आजारपणासाठी पैसे लागले, तर साखळ्या-बांगड्या विकण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी मुलांची माफी मागण्याचे कारण नाही. कराची भीती बाळगू नका. भारतात मृत्युकर १९८५ पासून नाही, आणि आईने मुलांना दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही; पुढे मुलांनी सोने विकले तर नफ्यावर कर लागेल, म्हणून खरेदीच्या पावत्या असतील तर यादीसोबत ठेवा.

लॉकरवर थोरल्या मुलाचे नाव नामनिर्देशित म्हणून असल्याचे तुम्ही लिहिता, आणि त्यावरून लॉकरमधले सगळे त्याचेच होईल अशी शंका मुलीच्या मनात असल्याचेही सूचित करता. तिची शंका दूर करा. नामनिर्देशनाने त्याला लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार मिळतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरसाठी एकापाठोपाठ एक अशा क्रमाने चार जणांपर्यंत नावे देता येतात, तेव्हा मुलीचे नाव दुसऱ्या क्रमांकावर घालून घ्या. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसते, आणि आग, चोरी यांसारख्या प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपुरती असते. यादीतली छायाचित्रे त्या दृष्टीनेही उपयोगी पडतील.

पितळेच्या भांड्यांबद्दल तुम्हाला वाईट वाटेल असे एक सांगतो. बंब आणि घंगाळ बहुधा कोणालाच नको असतील. दोन-तीन खोल्यांच्या घरात ती ठेवायला जागा नाही, आणि घासायला वेळ नाही. मुलांनी ती नाकारली तर तो तुमचा किंवा सासूबाईंचा अनादर समजू नका. प्रत्येकाला एखादा डबा, समई किंवा पंचपात्र आवडीने घेऊ द्या आणि उरलेले मोडीत काढायला तुम्हीच मोकळीक द्या. ते काम मुलांवर सोडले तर ती वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतील. आजेसासऱ्यांची पोथी मात्र घाईने कोणाला देऊ नका. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षे झाली की तेही पुरावशेष ठरते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून जुन्या कागदपत्रांचे आणि हस्तलिखितांचे काम करत आहेत. तिथल्या जाणकारांना ती दाखवा. घरी ठेवायची ठरलीच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न: हे सगळे मुलांना सांगावे का? सदनिकेचे आणि ठेवींचे आकडे सांगायचे की नाही हा तुमच्या सोयीचा भाग आहे, आणि ते झाकून ठेवले तरी काही बिघडत नाही. वस्तूंची यादी मात्र तिघांना, दोन्ही सुनांना आणि नणंदेला दाखवा. कोणी नाराज झाले तर ती नाराजी तुमच्यासमोर होईल आणि तुम्हाला उत्तर देता येईल. मृत्युपत्र कोणाकडे आहे आणि लॉकरची किल्ली कुठे आहे, हे व्यवस्थापकाला आणि आणखी एकाला ठाऊक असू द्या. आणि वकिलांकडे मसुदा बदलायला जाण्याच्या आधी नणंदेशी बोला, कारण पाटल्यांचे काय ठरते यावर यादीतली पुढची दोन नावे अवलंबून आहेत.